ओळखीच्या माणसाचे वीस गुण

ज्वारी तीन दिवस भिजली की तिला एक आंबूस वास सुटतो. परवा सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि मी कॅलेंडरकडे बघितलं. एप्रिल संपत आला होता. म्हणजे गच्चीची यादी लावायला मला चार दिवस उशीर झाला होता.

सुरतेत, उधन्यातल्या आमच्या सोसायटीत आठ घरं आहेत, गच्ची एक आहे, आणि वाळवणाला लागतं तसं कडक ऊन फार तर तीन आठवडे मिळतं. त्यानंतर समुद्राकडून दमट वारं सुटतं आणि कुरडया रबरासारख्या होतात. त्या तीन आठवड्यांत आठ घरांचे पापड, शेवया, कुरडया आणि बिबडे वाळून डब्यात गेले पाहिजेत. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. खान्देशाबाहेरच्या माणसाला हे दरवेळी सांगावं लागतं. कोणत्या दिवशी गच्ची कोणाची, मदतीला कोणी यायचं, मोठं पातेलं कोणाकडून कोणाकडे जायचं, हे सगळं मी लिहून जिन्याच्या दाराला चिकटवते. मी यादी करायला लागण्याच्या आधी एका वर्षी आमच्या कुरडया आणि शेजारच्या जिग्नाबेनचे तांदळाचे खिचिया पापड एकाच दिवशी गच्चीवर आले होते. त्या दिवशीचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

मी एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. हजेरीपट, दाखले, परीक्षेची बैठकव्यवस्था यांत माझं आयुष्य गेलं. रकाना आखला की मला शांत वाटतं. घरचे याला रोग म्हणतात. म्हणोत. या घरात गॅसची एक टाकी संपायच्या आत दुसरी येते, ती या रोगामुळेच.

तर यंदाची यादी लिहायला मी वहीची मागची पानं उघडली, आणि तिथे गेल्या वर्षीचा तक्ता निघाला. दोन पानांवर पसरलेला, पट्टीने आखलेला, वर लाल शाईत दोन नावं. डावीकडे मँचेस्टर, उजवीकडे गेंट. पानाच्या कोपऱ्यात बिबड्यांच्या घाट्याचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, एक वाळलेला ठिपका. नखाने खरवडला तरी निघाला नाही.

माझी मुलगी हर्षदा, घरची हर्षू. कापड अभियांत्रिकी शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिने बाहेरच्या देशांत अर्ज केले. गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, एकाच आठवड्यात, तिला दोन ठिकाणांहून ‘या’ म्हणून पत्र आलं. एक इंग्लंडमधल्या मँचेस्टरहून आणि दुसरं बेल्जियममधल्या गेंटहून. दोघांनाही महिन्याभरात उत्तर हवं होतं. एकाने नकार दिला असता तर किती बरं झालं असतं, असं मी तेव्हा देवापुढे उभी राहून म्हटलेलं आहे. आईने असं म्हणू नये, हे मला कळतं. पण नकार आला की निदान यादी करावी लागत नाही.

हर्षूचं उत्तर रोज एकच. “उद्या सांगते.”

सकाळी ज्वारी निवडताना विचारलं, उद्या सांगते. कुरडयांच्या गव्हाचा चीक गाळताना विचारलं, उद्या सांगते. मग दोन उद्या गेल्या की ती एकदम म्हणायची, “आई, मँचेस्टरच बरं ना?” मी बरं म्हणेपर्यंत, “पण गेंटचं तसं चांगलं आहे.” बाजारात दोन ढिगांतली भेंडी पारखणाऱ्या बाईचीसुद्धा मला चीड येते, तिथे हे. तिच्या बाबांना विचारावं तर ते पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमधून दमून आलेले असायचे. ते म्हणायचे, “तुम्ही दोघी ठरवा, मी बॅग उचलायला येतो.” मदत म्हणायची ती एवढीच.

शेवटी मी तक्ता आखला. तेवीस मुद्दे काढले. विमानतळापासून अंतर. थंडी. हिवाळ्यात अंधार किती वाजता पडतो. दुकानात पोळीचं पीठ मिळतं का. डॉक्टर कोणत्या भाषेत बोलतो. खोलीत स्वतःची शेगडी की दहा जणांत एक. गणपती बसतो का. प्रत्येक मुद्द्याला दोन, तीन, फार तर पाच गुण. फक्त एका मुद्द्याला मी वीस गुण ठेवले होते: ओळखीचं माणूस.

हे वीस गुण जास्त आहेत असं ज्याला वाटेल त्याने उधन्यात येऊन कोणत्याही गल्लीत चौकशी करावी. तुम्ही सुरतेत कसे आलात? उत्तर एकच मिळेल. आधी गावचा एक जण आला. त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला, मेव्हण्याने अर्ध्या आळीला. अमळनेर, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा, सगळे तालुके असेच ताप्तीच्या काठाकाठाने रेल्वेत बसून इथे उतरले. स्टेशनवर कोणीतरी उभं असायचं. तो खोलीवर न्यायचा, दुसऱ्या दिवशी खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, शेठपुढे उभं करायचा, आणि सांचा, म्हणजे माग, कसा चालवायचा ते शिकवायचा. आमचं अख्खं सुरत एका माणसाने दुसऱ्या माणसाचा हात धरून उभं राहिलं आहे. माझे सासरे, आबा, तसेच आले. त्यांच्यासमोर दोन गावं होती. भिवंडीला चुलता होता, सुरतेला गावचे मंगाप्पा. मंगाप्पांचं पत्र आलं म्हणून आबा सुरतेला आले. घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत उठल्यावर, ही गोष्ट कोणीतरी सांगतोच.

मी स्वतः धुळ्याहून लग्न होऊन आले. मला दोन शहरं समोर ठेवून कोणी विचारलं नव्हतं. उधना स्टेशनवर उतरले तेव्हा स्वागताला अकरा माणसं होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला मी काय खाते, काय खात नाही याची माहिती हवी होती. त्या दिवशी मला त्या गर्दीचा वैताग आला होता. तरी स्टेशनवर कोणीच नसणं म्हणजे काय, ते मला आयुष्यात एकदाही कळलेलं नाही. माझी कल्पना तिथपर्यंत पोचत नव्हती. म्हणून वीस गुण.

मँचेस्टरला माणूस होता. समोरच्या घरातल्या सुमनबाई, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आणि आवाजाने त्याहून. त्यांच्या बहिणीचा मुलगा नितीन मँचेस्टरला. गच्चीवर शेवया पसरता पसरता त्या रोज बजावायच्या, “लता, डोळे झाकून मँचेस्टर लिही. आपला नितीन आहे. पोरगी विमानातून उतरली की त्याच्या घरी गरम पोळी.”

गेंटला कोणी नव्हतं. गेंट कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मी देशाचं नाव सांगितलं आणि तिथून नवीन डोकेदुखी सुरू झाली, कारण सुरतेत बेल्जियम म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. जिग्नाबेनचा नवरा रोज कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात जातो. ती हातातलं लाटणं टाकून उभी राहिली.

“बेल्जियम? तो हर्षू हीरामां जशे?”

“नाही हो, कापडच शिकायचंय.”

“कापड माटे बेल्जियम?” तिने सुमनबाईंकडे बघितलं. “लताबेन, हीरा शिखवाडो एने! मारा जेठना साळा एन्टवर्पमां छे. गेंट तो बाजुमां ज.”

जेठाचा साळा, म्हणजे मोठ्या दिराचा मेव्हणा. मी तो तक्त्यात लिहिला, पुढे कंसात ‘दूरचा’ असं लिहिलं आणि दोन गुण दिले. आठवड्याभरात सोसायटीतल्या तीन जणांनी मला हिऱ्याचा भाव विचारला.

बेरीज झाली. मँचेस्टर एक्याऐंशी, गेंट चौसष्ट. मी तक्ता हर्षूपुढे ठेवला आणि हुश्श केलं. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. पोरगी वाचते छान. बोट न ठेवता, घाई न करता. मग तिने विचारलं, “आई, यात ते शिकवणार काय, ते कुठंय?”

मी तक्ता माझ्याकडे वळवला. पोळीचं पीठ होतं. अंधार होता. गणपती होता. तेवीस मुद्द्यांत अभ्यासाचा मुद्दा नव्हता.

“ते दोन्हीकडे सारखंच असणार ना,” मी म्हटलं.

“सारखं नाहीये. मँचेस्टरला कापडाच्या धंद्याचं जास्त आहे. गेंटला चिंध्यांवर काम चालतं.”

चिंध्या. आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याला पॉलिस्टरच्या कातरणाची पोती पडलेली असतात, डोंगरासारखी. पावसात कुजत नाहीत, उन्हात विरत नाहीत. हर्षू लहानपणी त्या पोत्यांवरून उड्या मारत शाळेत गेली. त्या चिंध्या पुन्हा धागा करायच्या, त्याचा अभ्यास गेंटला होता. हे तिने मला नीट समजावून सांगितलं असतं तर मी नीट ऐकलं असतं. पण ती ते जिन्यात म्हणाली, आणि खालून सुमनबाई येत होत्या.

“चिंध्या?” सुमनबाई मधल्या पायरीवरच थांबल्या. “एवढ्या लांब जाऊन पोरगी चिंध्या शिकणार? चिंध्या तर आपल्या दारात आहेत!”

“म्हणूनच, आजी,” हर्षू म्हणाली. त्यावर सुमनबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच तिला हे शिकवलं. मी तक्त्यात चोविसावा मुद्दा लिहिला: अभ्यास. गुण दहा. जागा उरली नव्हती, म्हणून समासात लिहिला. गेंटला दहापैकी दहा दिले, मँचेस्टरला चार. तरीही मँचेस्टर पुढेच राहिलं. वीस गुणांचं वजन तसंच असतं.

गेंटला उत्तर द्यायची शेवटची तारीख शुक्रवार, आणि यादीप्रमाणे गच्चीवर बिबड्यांसाठी आमचा दिवस गुरुवार. यादी मीच केलेली, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? पहाटे घाटा शिजायला लागला. भिजवून भरडलेली ज्वारी, तीळ, लसूण, लाल मिरची, जिरं. मोठ्या पातेल्यात ते रटरटायला लागलं की त्याचे शिंतोडे हाताला चिकटतात आणि भाजतात. माझ्या मनगटावर प्रत्येक उन्हाळ्याचा एक डाग आहे. ऊन चढायच्या आत सगळं थापून व्हायला हवं. गच्चीवर आबांची जुनी सुती धोतरं अंथरली होती. साड्यांच्या या शहरात बिबड्यांना मात्र धोतरच लागतं, कारण पॉलिस्टरवर घाटा धरत नाही. ओल्या हाताने एकेक गोळा घ्यायचा, थापायचा, पुढे सरकायचं. एका बाजूला मी आणि हर्षू, समोर सुमनबाई आणि जिग्नाबेन. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आबा, कबुतरं हाकलायला काठी घेऊन. चाळीस वर्षं सांच्यांच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि ते बोलतात तेही सांचा चालू असल्यासारखं.

सुमनबाईंनी त्या दिवशी ठरवूनच आणलं होतं. घाट्याचा हात पदराला पुसला, फोन काढला, नितीनला लावला आणि स्पीकरवर टाकला. “आता पोरीला त्याच्याच तोंडून ऐकू दे.”

“बोल, मावशी,” नितीन म्हणाला. झोपेतून उठलेला आवाज. तिथे काय वाजलं असेल याचा विचार सुमनबाईंनी आजवर कधी केलेला नाही.

“अरे, आपली हर्षू मँचेस्टरला येतेय. उतरवून घेशील ना?”

“मावशी, मी मँचेस्टर सोडून दीड वर्ष झालं. मी आता कार्डिफला असतो.”

“म्हणजे शेजारी?”

“गाडीने चार तास.”

“मला सांगितलं नाहीस!”

“आईला सांगितलं होतं.”

“तुझी आई कोणाला काही सांगते का!” सुमनबाईंनी फोन बंद केला, धोतरावरचे बिबडे उगाच मोजल्यासारखे केले आणि म्हणाल्या, “जाऊ दे. देश तर तोच आहे ना. चार तास म्हणजे काय, इथून मुंबई.”

माझा हात घाट्यात तसाच राहिला. पंच्याऐंशीतून वीस वजा. एवढं गणित मला गच्चीवर, कागदाशिवाय, त्या क्षणी झालं. महिनाभर मी ज्या खांबाला तक्ता टेकवून ठेवला होता तो खांब दीड वर्षापूर्वीच तिथून निघून गेला होता, आणि सुमनबाई त्यावर रोज गरम पोळ्या वाढत होत्या. मी रागाने एक बिबडा एवढा जोरात थापला की त्याला भोक पडलं.

“म्हणजे दोन्हीकडे कोणी नाही,” मी म्हटलं. “मग कुठेच नको जायला. बडोद्याला कर काय करायचं ते.”

हे मी खरंच म्हटलं. हर्षू थापायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघितलं, आणि मला कळलं की महिनाभर ती ‘उद्या सांगते’ म्हणत होती ते या वाक्याच्या भीतीने. एकदा तिने गेंट म्हटलं असतं, तर मी हेच म्हटलं असतं.

टाकीच्या सावलीतून आबांचा आवाज आला.

“मंगाप्पा माले भेटनाच नही.”

आम्ही चौघी वळलो. त्यांना फोन ऐकू गेला असेल असं मला वाटलंही नव्हतं.

“काय म्हणता, आबा?”

“मी उनू तवय मंगाप्पा आठे नव्हता. महिनाभर पहिले भिवंडीले चालना गया.”

ते अहिराणीत बोलत होते, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. मी आले तेव्हा मंगाप्पा इथे नव्हता. ज्या भिवंडीला आबा गेले नाहीत, तिथेच तो निघून गेला होता. स्टेशनवर कोणी नव्हतं. आबा पत्रावरचा पत्ता विचारत खात्यापर्यंत गेले, तिथे मंगाप्पाच्या सांच्यावर दुसराच माणूस उभा होता.

“मग राहिलात कोणाकडे?”

“कोनीकडे नही. खातामा झोपनू. आठ दिनमा ओळखी व्हयन्या.”

“आणि गावाला?” हर्षूने विचारलं.

आबांनी काठी आपटली. कबुतर नव्हतंच. “गावले लिखी दिधं, मंगाप्पा भेटना म्हनीसन. नही ते बाप परत बलाई लेता.”

मंगाप्पा भेटला, असं गावाला लिहून टाकलं. नाहीतर बापाने परत बोलावलं असतं. सत्तावन्न वर्षं ही गोष्ट पोटात ठेवून हा माणूस घरातल्या प्रत्येक लग्नात मंगाप्पाचे उपकार ऐकत, मान डोलवत बसला होता. माझ्या वीस गुणांचा सगळा पाया असा निघाला. मला हसावं की चिडावं ते कळेना. सवयीने मी चिडले.

हर्षूने हात धुतला नाही, ओढणीला पुसला. खिशातून फोन काढला, अंगठ्याने दोन-तीनदा काहीतरी दाबलं आणि पुन्हा घाट्याचा गोळा घेतला.

“झालं,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“गेंट.”

चार आठवडे, तेवीस मुद्दे, समासातला चोविसावा, आणि निर्णयाला वेळ लागला तो एक बिबडा थापायला लागतो तेवढा. नंतर तिने तो तक्ता बघायला घेतला तेव्हा तिच्या अंगठ्याचा घाटा त्याच्या कोपऱ्याला लागला. तो ठिपका अजून आहे.

सप्टेंबरात, गणपती उठून आठवडा झाला होता, तेव्हा ती गेली. सोबत दोन बॅगा, आणि बॅगांत काय कुठे आहे याची तीन पानी यादी. त्या दिवशी मी कार्यालयात एकाही दाखल्यावर बरोबर तारीख टाकली नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. तिथे दुपार होती आणि पाऊस पडत होता. तो मला फोनमधूनही ऐकू येत होता.

“आई, पोचले. आणि ऐक ना, स्टेशनवर एक बाई भेटली. मराठी! लातूरच्या आहेत. सरिताताई. त्यांनी मला खोलीपर्यंत सोडलं.”

मी खुर्चीत बसले. मग वही काढली. गेंट, ओळखीचं माणूस: सरिताताई, लातूर. वीसपैकी वीस. आबांना ओरडून सांगितलं, “आबा, हर्षूला लातूरची बाई भेटली!” आबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

“भेटनी का? भेटतीच.”

त्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

पुढचे आठ महिने मी दर रविवारी दोघींची चौकशी केली. हर्षू जेवतेस ना, आणि सरिताताई कशा आहेत. छान आहेत. मुलगा तिसरीत आहे. आत्ताच येऊन गेल्या. मी वहीत नोंदी ठेवल्या, कारण माणसाचे उपकार विसरू नयेत आणि नोंद नसेल तर माणूस विसरतो. थंडीत हर्षूने कुठल्याशा संग्रहालयातला जुना, बंद सांचा दाखवणारा फोटो पाठवला. आबांनी तो फोन कानाला लावून बघितला आणि परत दिला. दर रविवारी तेही विचारायचे, अगदी गंभीर चेहऱ्याने, “ती लातूरनी बाई बरी शे ना?”

कधीकधी गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या मनात येतं, मँचेस्टरला गेलेली हर्षू कशी झाली असती? निवडलेलं शहर आपल्याला फोटो पाठवतं. न निवडलेलं काहीच पाठवत नाही, आणि तरी ते डोक्यातून जात नाही. तक्त्यात डावा रकाना अजून भरलेलाच आहे. तिथल्या विमानतळाचं अंतर मला अजून पाठ आहे. काय उपयोग?

आणि आता पुन्हा एप्रिल. परवा मी यादी चिकटवत होते तेव्हा सुमनबाई पेढे घेऊन आल्या. त्यांची बारडोलीची नात, पल्लवी, तिला यंदा प्रवेश मिळाला. कुठे? गेंटला. हर्षूने सांगितलं म्हणून तिने अर्ज केला होता. चिंध्यांच्याच अभ्यासाला. सुमनबाईंच्या चेहऱ्यावर मागच्या वर्षीचं काहीही शिल्लक नव्हतं.

“लता, तुझ्या त्या लातूरच्या बाईचा नंबर दे. पल्लवीला उतरवून घेतील ना त्या? ओळखीचं माणूस असलं की बरं.”

मी वर येऊन हर्षूला फोन लावला. “सरिताताईंचा नंबर पाठव.”

“कशाला?”

“पल्लवीसाठी. स्टेशनवर त्या येतील का विचारते.”

तिच्या मागे सायकलची घंटी वाजली, कोणीतरी काहीतरी परक्या भाषेत बोलत गेलं. “आई, त्यांचा नंबर बदललाय.”

“मग नवा दे.”

“माझाच दे ना,” हर्षू म्हणाली. “मीच जाईन स्टेशनवर. सांग त्यांना, मी असेन.”

फोन ठेवला आणि मी वही उघडली. सप्टेंबर: सरिताताई, लातूर. ऑक्टोबर: मुलगा तिसरीत. डिसेंबर: गुरुवारी कांदा खात नाहीत. जानेवारी: माहेर नांदेड, सासरही नांदेड. त्याच्यापुढे मी तेव्हाच एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. मार्च: मुलगा पहिलीत. आठ महिन्यांत एकही फोटो नाही. दर वेळी ‘आत्ताच गेल्या’.

सरिताताई नाहीत. कधीच नव्हत्या.

म्हणजे त्या दुपारी, पावसात, दोन बॅगा ओढत, पोरगी एकटीच स्टेशनातून बाहेर पडली. एकटीने रस्ता विचारला. एकटीने कुलूप उघडलं. आणि मग भिजल्या कपड्यांनी मला फोन करून एक बाई तयार केली, तिला लातूर दिलं, मुलगा दिला, गुरुवार दिला. मला राग आला. मी त्याच रागात पुन्हा फोन लावायला घेतला होता. पण वहीचं पान उघडंच होतं, आणि त्यावर लाल शाईत मुद्दा होता, माझ्या अक्षरात, वीस गुणांचा. रकाना मी आखला होता. तिने तो भरला.

काल आमचा बिबड्यांचा दिवस होता. ऊन उत्तम पडलं. संध्याकाळी धोतराला मागून पाण्याचा हात लावून एकेक बिबडा सोडवला. वाळलेला बिबडा सुटताना कागद फाटल्यासारखा आवाज करतो. हर्षूला पाठवायचा पुडा बांधायला घेतला. दोरी, पिशवी, पत्ता, सगळं यादीप्रमाणे. आबा समोर बसून बघत होते. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, हे मी विचारलं नाही.

“हर्षूनी माय,” ते म्हणाले, “दोन पुडा कर.”

“दुसरा कोणाला?”

“लातूरनी बाईले. पोरीले घर दखाडं तिनी.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, कबुतरं आहेत का ते.

मी दोन पुडे केले. एकावर हर्षदा लिहिलं, दुसऱ्यावर सरिताताई. दुसऱ्या पुड्यात बिबडे जरा जास्तच गेले. गेले तर गेले. पहिल्या दिवशी तिने माझ्या पोरीला खोलीपर्यंत सोडलं होतं.